कॅमेऱ्यासमोरचं प्रेम : ‘लव्ह स्टेज!!’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लव्ह स्टेज!!’ नेमकं आहे तरी काय?

जपानी मांगा आहे, म्हणजे चित्रकथा. गोष्ट एइकी एइकी यांची, चित्रं ताइशी झाओ यांची. २०१० मध्ये कादोकावा या प्रकाशनसंस्थेच्या ‘आसुका सिएल’ या मासिकात ती सुरू झाली, २०१६ मध्ये संपली आणि सात खंडांत पूर्ण मिळते. प्रकार बीएल, म्हणजे ‘बॉईज लव्ह’: दोन पुरुषांमधली प्रेमकथा. पार्श्वभूमी टोकियोच्या मनोरंजन व्यवसायाची. चित्रीकरणं, एजन्सी, मॅनेजर, गायक, नट, जाहिराती, सगळं त्यात आहे. आणि ती मनापासून विनोदी आहे.

बीएलमध्ये हसवणाऱ्या मांगा पुष्कळ आहेत. चित्रपट-टीव्हीच्या जगात घडणाऱ्याही आहेत. पण बहुतेक ठिकाणी ते जग नुसतं चकचकीत पडद्यासारखं मागे टांगलेलं असतं. नायक नट आहे म्हणून देखणा, बास. इथे मात्र धंदाच गोष्ट चालवतो. कॅमेरा नसता तर हे दोघे भेटलेच नसते, आणि कॅमेरा आहे म्हणूनच त्यांना एकत्र राहणं अवघड जातं. ज्यांना पहिल्यांदाच बीएल वाचायचं आहे त्यांना मी हीच मांगा सुचवतो ती यासाठी.

गोष्ट काय आहे? सगळी सांगू नका, थोडीच सांगा.

सेना कुटुंबात सगळेच प्रसिद्ध. वडील सेइया नावाजलेले गायक, आई नागिसा अभिनेत्री, थोरला भाऊ शोगो ‘द क्रशर्झ’ या रॉक बँडचा मुख्य गायक. धाकटा इझुमी मात्र कॉलेजात शिकणारा ओताकू, म्हणजे मांगा आणि कार्टून मालिकांचा वेडा चाहता. त्याची खोली ‘लालालुलू’ या जादूगार मुलीच्या मालिकेच्या वस्तूंनी भरलेली, आणि त्याला व्हायचंय मांगाकार. त्याच्या हातात चित्रकला अजिबात नाही. ही गोष्ट त्याच्याशिवाय सगळ्यांना दिसते.

लहानपणी इझुमी एकदाच कॅमेऱ्यासमोर गेला होता, लग्नसोहळ्याच्या एका जाहिरातीत. ऐनवेळी एका मुलीच्या जागी त्याला उभं केलं, फ्रॉक घालून. त्याच जाहिरातीत र्योमा इचिजो नावाचा एक बालकलाकार होता. दहा वर्षांनी जाहिरातीच्या वर्धापनासाठी तीच मंडळी पुन्हा हवी आहेत. र्योमा आता मोठा तारा झालाय, आणि ती ‘मुलगी’ त्याच्या मनातून कधी गेलेलीच नाही.

पुढचं आपण वाचालच. ती मुलगी म्हणजे इझुमी हे र्योमाला फार लवकर कळतं. कथेचा जोर या उलगड्यावर नाही. खरी गंमत त्यानंतर आहे: कळल्यावरही र्योमाच्या मनातलं जात नाही.

बीएल वाचायची सवय नाही. हा प्रकार कुठून आला?

थोडक्यात सांगतो. १९७०च्या दशकात जपानमध्ये मुलींसाठीच्या मांगा लिहिणाऱ्या तरुण लेखिकांनी मुलामुलांमधल्या प्रेमाच्या कथा लिहायला सुरुवात केली. त्या गंभीर असत, बऱ्याचदा युरोपातल्या वसतिगृहांत घडत आणि शेवटी रडवत. १९७५च्या डिसेंबरात कॉमिकेट हा हौशी प्रकाशनांचा मेळा सुरू झाला. तिथे वाचकच स्वतः लिहू-काढू लागले, आपल्या आवडत्या मालिकांतल्या नायकांच्या जोड्या लावू लागले. १९७८ मध्ये याच विषयाला वाहिलेलं व्यावसायिक मासिक निघालं. १९९०च्या दशकात प्रकाशकांनी याला ‘बॉईज लव्ह’ या नावाने वेगळं दालन दिलं. शोकांतिका मागे पडत गेली, कार्यालयं, शाळा, स्वयंपाकघरं आली आणि हसणं आलं.

लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच, हे सुरुवातीपासून आजपर्यंत. ‘लव्ह स्टेज!!’च्या दोन्ही निर्मात्याही स्त्रियाच आहेत.

लेखिकेच्या घराबद्दल बरंच ऐकलं आहे. त्याचा कथेशी संबंध आहे का?

आहे, आणि माझ्या मते ही मांगा इतकी आतून आलेली वाटते त्याचं कारण तिथेच आहे.

एइकी एइकी हे टोपणनाव. त्यांचे आजोबा नोबोरू ताकेशिता हे १९८७ ते १९८९ या काळात जपानचे पंतप्रधान होते. धाकटा भाऊ दाइगो ‘ब्रेकर्झ’ या रॉक बँडचा गायक, शिवाय टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा. आणि या घरातली ही मुलगी कॉमिकेटमध्ये टेबल मांडून बीएल विकत मोठी झाली. आता सेना कुटुंब पुन्हा एकदा पाहा. नामवंत घर, रॉक बँडमधला भाऊ, आणि खोलीचं दार लावून मांगा काढणारं एक मूल. ‘ब्रेकर्झ’ आणि ‘क्रशर्झ’ ही दोन नावं शेजारी ठेवली की जपानी वाचकाच्या ओठांवर हसू येतंच.

म्हणजे इझुमी ही लेखिकेची आत्मकथा आहे का? तसं मी म्हणणार नाही. पण प्रसिद्ध आडनाव घेऊन जन्मलेल्या मुलाला ओळख करून देताना काय वाटतं, समोरचा आपल्याशी बोलतोय की आपल्या घराशी, हा प्रश्न त्याला कसा कुरतडतो, हे ज्या बारकाईने इथे आलंय ते ऐकीव माहितीतून येत नाही. इझुमी कॉलेजात आपलं घर लपवतो. त्याला प्रसिद्धीचा तिटकारा नाही. त्याला फक्त निदान एका जागी स्वतःच्या बळावर ओळखलं जायचंय, आणि नेमकी तीच जागा त्याने अशी निवडली आहे जिथे त्याच्याकडे कौशल्य नाही. मला हे फार हळवं करतं.

चित्रकार ताइशी झाओ या मिकियो त्सुदा या नावानेही लिहितात. दोघींची मैत्री आणि एकत्र काम हौशी प्रकाशनांच्या दिवसांपासूनचं आहे. एकीने लिहिलेलं दुसरीने काढलंय हे वाचताना जाणवत नाही, इतका त्यांचा सूर जुळलेला आहे.

विनोदी म्हणता, पण विनोद कशातून येतो?

तीन ठिकाणांहून येतो, आणि तिन्ही एकमेकांत मिसळलेली आहेत.

पहिलं म्हणजे इझुमीची चित्रं. मांगामध्ये मांगा काढणारं पात्र असलं की त्याचं काम कसं दिसतं हे चित्रकाराला दाखवावं लागतं. झाओबाईंनी इझुमीची पानं अशी काढलीत की वाचक पोट धरून हसतो. हातपाय कुठून निघतात कळत नाही, चेहरे बटाट्यासारखे, आणि त्या पानाकडे इझुमी अभिमानाने पाहत असतो. उत्तम चित्रकाराला मुद्दाम वाईट काढणं सोपं नसतं. त्यातही हा वाईटपणा प्रामाणिक वाटायला हवा. इझुमी थट्टेचा विषय होतो, पण त्याचं प्रेम कधीच थट्टेचा विषय होत नाही. लालालुलूसाठी तो रडतो तेव्हा आपणही गप्प होतो.

दुसरं ठिकाण म्हणजे घर. शोगो मंचावर हजारोंना वेड लावतो आणि घरी येऊन धाकट्या भावाला मिठ्या मारत सुटतो. रेई सगारा हा मॅनेजर शिस्तीचा, शांत, सगळ्यांची वेळापत्रकं सांभाळणारा. या घरात सगळे टाळ्यांची सवय असलेले, त्यामुळे साधं जेवणाचं टेबलसुद्धा प्रयोगासारखं होतं, आणि इझुमी एकटा प्रेक्षक. सेना मंडळींना मनापासून वाटतं की पोराने मंचावर यावं. ते त्याच्यावर अन्याय करायला निघालेले नाहीत. त्यांना जगातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ते त्याला देऊ करताहेत, आणि त्याला ती नकोय. या प्रेमळ न समजण्यातून निम्मा विनोद निघतो.

तिसरा र्योमा. पडद्यावर प्रेमाचे संवाद सराईतपणे म्हणणारा नट खऱ्या माणसासमोर एक वाक्य धड बोलू शकत नाही. कॅमेऱ्यासमोर त्याचे हात कुठे असावेत हे त्याला अचूक माहीत, इझुमीसमोर मात्र तेच हात नको तिथे जाऊन आदळतात. वाचताना आपण त्याच्या व्यावसायिक हास्याची आणि खऱ्या हास्याची ओळख करून घेतो. चित्रकाराने दोन्ही वेगळी काढली आहेत: डोळ्यांच्या रेषा आणि भुवया यांत फरक आहे. पहिल्या वाचनात हे सुटतं, दुसऱ्यांदा वाचताना जरूर पाहा.

मांगा काढणं इतकं अवघड असतं का? इझुमी एवढा का धडपडतो?

असतं, विशेषतः हाताने. साधारण पद्धत अशी: आधी ‘नेमू’ म्हणजे कच्चा आराखडा, त्यात चौकटी आणि संवाद बसवायचे. मग जाड कागदावर पेन्सिल, त्यावर टाकाने शाई. जी-पेन नावाचं निब दाबलं तर जाड, हलकं धरलं तर बारीक रेषा देतं, आणि हा दाब हातात बसायला वर्षं जातात. मग पेन्सिल खोडायची, काळे भाग भरायचे, आणि छटांसाठी स्क्रीनटोनचे, म्हणजे ठिपके छापलेल्या चिकट पारदर्शक कागदाचे, तुकडे कापून चिकटवायचे. एका कथेला तीस-चाळीस पानं. शेवटची तारीख टळत नाही.

नवोदितांना दोन वाटा असतात. मासिकांच्या नवोदित स्पर्धेत पानं पाठवायची, नाहीतर थेट संपादकाकडे पानं घेऊन जायचं आणि समोर बसून त्याचं मत ऐकायचं. इझुमी स्पर्धेच्या मागे लागतो. त्याच्या पानांसाठी र्योमाही हाताला शाई लावून बसतो, आणि माझ्या लेखी संपूर्ण मांगातली सर्वांत प्रेमळ दृश्यं ही कामाची आहेत. ज्याची दिवसाला हजार माणसं वाट पाहतात तो माणूस एका नवख्याच्या कागदावर वाकून बसलाय, आणि ज्या वस्तूवर समोरच्याचं प्रेम आहे ती वस्तू त्याच्यासाठी गंभीर झालीये.

ही सगळी लपवाछपवी कशासाठी? दोघे मोठे आहेत, सांगून टाकायचं.

जपानी मनोरंजन व्यवसाय कसा चालतो हे कळलं की हा प्रश्न राहत नाही. तिथे कलाकार सहसा एजन्सीशी बांधलेला असतो. काम एजन्सी मिळवते, पैसा एजन्सीमार्फत येतो, मॅनेजर सकाळी घरून उचलतो आणि रात्री सोडतो. जाहिराती हा उत्पन्नाचा मोठा झरा. जाहिरातदाराला हवी असते निर्मळ प्रतिमा. एक छायाचित्र साप्ताहिकात छापून आलं की करार मोडतात, आणि मोडलेल्या कराराची भरपाई एजन्सीला द्यावी लागू शकते. म्हणून मॅनेजर प्रेमाची चौकशी करतो तेव्हा तो खाष्ट असतो असं नाही, ते त्याचं कामच असतं.

आयडॉल, म्हणजे चाहत्यांसाठी एजन्सीने घडवलेल्या तरुण गायिका, यांच्या बाबतीत तर प्रेमबंदी बऱ्याचदा करारातच लिहिलेली असे. २०१३ मध्ये एका प्रसिद्ध गटातल्या गायिकेने, तिचं कुणाशी नातं असल्याचं छापून आल्यावर, मुंडण करून रडत माफी मागितली. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने बंदी मोडणाऱ्या एका माजी आयडॉलला साडेसहा लाख येन भरायला सांगितले, आणि तिचं वय तेव्हा सतरा होतं. मग चारच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच न्यायालयात दुसऱ्या खटल्यात उलट निकाल आला: प्रेम करणं हा सुखाच्या शोधाचा हक्क आहे, एजन्सीची मागणी फेटाळली.

‘लव्ह स्टेज!!’ याच काळात छापली जात होती. र्योमा नट आहे, आयडॉल नाही, पण हवा तीच. त्यात जोडीदार पुरुष. म्हणून नातं जमल्यावर ‘आता सुखाने नांदले’ असं होत नाही. आणि या दडपणाचाही मांगा विनोदच करते: टोप्या, चष्मे, मागची दारं, ऐनवेळी शिरणारा मॅनेजर. हसता हसता त्या माणसांच्या आयुष्यात स्वतःची अशी जागा किती थोडी आहे हे आपल्याला दिसत राहतं.

मुलाला मुलीचे कपडे घालून हसवणं, ही थट्टा नाही का?

या मांगात फ्रॉक हा अपमान नाही. इझुमी लाजतो तो कॅमेऱ्याला, अनोळखी गर्दीला, आपल्या ओबडधोबड धडपडीला कुणी पाहील याला. कपडे घातल्यावर तो सुंदर दिसतो आणि कुणीही त्याला कमी लेखत नाही. उलट सगळे थक्क होतात.

जपानी रंगभूमीला हे नवं नाही. १६२९ मध्ये स्त्रियांना मंचावर बंदी झाली तेव्हापासून काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारात स्त्रीभूमिका पुरुष करत आले, आणि त्या ओन्नागातांच्या चालण्या-बोलण्याकडून स्त्रिया शिकत असत. दुसऱ्या बाजूला ताकाराझुका ही मंडळी १९१३ मध्ये उभी राहिली, तिथे सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात आणि पुरुषवेषातल्या नटीवर स्त्रीप्रेक्षक जीव टाकतात.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज फारशी पडू नये. त्याच १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि बालगंधर्वांनी नेसलेलं पातळ, माळलेला गजरा पाहून घरोघरच्या बायका तशा सजत. पुरुषाने रंगवलेल्या स्त्रीवर अख्खा महाराष्ट्र भाळला होता, आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. र्योमाचं गोंधळणं मला म्हणूनच ओळखीचं वाटतं. तो मंचावरच्या एका रूपावर भाळला. ते रूप उतरल्यावरही भाळलेलाच राहिला, हे पुढचं पाऊल मात्र या मांगाचं स्वतःचं आहे.

काही प्रसंग खटकले. र्योमा जबरदस्ती करतो असं वाटलं. माझं चुकतंय का?

नाही, चुकत नाही. सुरुवातीच्या भागात र्योमा इझुमीच्या नकाराला न जुमानता पुढे जातो, आणि पुढे काही अनोळखी माणसं इझुमीवर हल्ला करू पाहतात असाही प्रसंग आहे. ज्यांना असं वाचणं त्रासदायक आहे त्यांनी हे आधी जाणून असावं.

मांगा र्योमाला मोकळं सोडत नाही. त्याला स्वतःची लाज वाटते, तो माफी मागतो, आणि नंतर परवानगी विचारायला शिकतो. पण सुरुवातीचा प्रसंग हलक्याफुलक्या स्वरात, धांदलीसारखा काढला आहे. तो स्वर मला पटत नाही. त्या काळच्या बीएलमध्ये ‘आवेग आवरला नाही’ हे प्रेमाचंच लक्षण धरलं जाई आणि ही लकब कितीतरी मांगांत आहे. म्हणून ती योग्य ठरत नाही.

मधल्या काळात जपानही बदललं आहे. २०२३च्या सप्टेंबरात जॉनी अँड असोसिएट्स या पुरुष आयडॉल घडवणाऱ्या बलाढ्य एजन्सीने, आपल्या दिवंगत संस्थापकाने अनेक मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं जाहीरपणे मान्य केलं. त्याच वर्षी जुलैपासून जपानी कायद्यात संमतीचा अभाव हा बलात्काराच्या व्याख्येचा गाभा झाला आणि संमतीचं वय तेरावरून सोळा झालं. आज मनोरंजन व्यवसायात घडणारी नवी बीएल लिहिणारी लेखिका तो प्रसंग तसाच लिहिणार नाही असं मला वाटतं. मला ही मांगा अतिशय आवडते आणि तरीही ती पानं मला नको आहेत. या दोन्ही गोष्टी मी एकत्र बाळगतो.

‘सेमे’ आणि ‘उके’ म्हणजे काय?

बीएलमधल्या जोडीत पुढाकार घेणारा तो सेमे, दुसरा उके. जुन्या कथांत दोघांची उंची, स्वभाव, बोलणं सगळं यावरूनच ठरे. इथे र्योमा सेमे आणि इझुमी उके हे उघड आहे, पण स्वभाव त्या साच्यात बसत नाहीत: हट्टी इझुमी आहे, आणि भावनेच्या भरात कोसळणारा र्योमा.

शोगो आणि रेई यांच्यात काही आहे का?

आहे. त्यांच्यावर एइकी एइकींनी ‘बॅक स्टेज!!’ नावाच्या कादंबऱ्या वेगळ्या लिहिल्या, चित्रं झाओंचीच. मुख्य मांगात ही जोडी कडेने दिसते. मॅनेजर आणि कलाकार यांचं नातं म्हणजे चोवीस तासांचं सान्निध्य, विश्वास, आणि त्यात पैशाचा हिशोब. इझुमी-र्योमापेक्षा हे दोघे मोठे, सावध, आणि एकमेकांची खूण ओळखणारे. बऱ्याच वाचकांना हीच जोडी जास्त आवडते, आणि त्यांचं कारण मला समजतं.

ॲनिमे आधी पाहू की मांगा आधी वाचू?

ॲनिमे (या मांगावरची ॲनिमेशन मालिका) आधी पाहिलं तरी काही बिघडत नाही. ते २०१४च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये आलं, जे. सी. स्टाफची निर्मिती, केनइची कासाई यांचं दिग्दर्शन, दहा भाग आणि वर एक जादा भाग. इझुमीला त्सुबासा योनागा आणि र्योमाला ताकुया एगुची यांचा आवाज. योनागांचा तो घाबरून चिरकणारा सूर एकदा ऐकला की मांगा वाचतानाही तोच कानात येतो. शोगोचा आवाज काझुकी कातो यांचा, जे प्रत्यक्षातही गायक-नट आहेत, आणि शेवटचं गाणंही त्यांचंच.

विनोदाची लय ॲनिमेत छान साधली आहे. पण दहा भागांत अर्धीच गोष्ट मावते. मनोरंजन व्यवसायात इझुमी स्वतः उतरतो, आजवर नाकारलेल्या गोष्टीकडे तो का वळतो आणि त्याची किंमत काय, हा भाग मांगातच नीट आहे. शेवटचे खंड मला पहिल्या खंडांइतकेच आवडतात, कारण तिथे इझुमी कुणाचा तरी मुलगा, भाऊ किंवा प्रियकर म्हणून नाही तर काम करणारा माणूस म्हणून उभा राहतो.

थायलंडचीही मालिका आहे ना?

हो, २०२२ची. थायलंडमध्ये २०१४च्या सुमारास बीएल मालिकांची लाट सुरू झाली आणि २०२०च्या टाळेबंदीत ती भारतासह सगळ्या आशियात पोचली. त्यामुळे आपल्याकडे अनेकांना जपानी मांगाआधी थाई मालिका माहीत असतात. थाई आवृत्तीत नटांची जवळीक खरी वाटते, मात्र इझुमीची वेडीवाकडी चित्रं कागदावरच खरी शोभतात.

यातून समलिंगी माणसांचं खरं आयुष्य कळतं का?

थोडंसंच. बीएल हा मुळात स्त्रीवाचकांच्या कल्पनेचा प्रदेश आहे, आणि यावर जपानमध्येच वाद झाले. १९९२ मध्ये मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या पत्रिकेत लिहिलं की या कथांचा आमच्या जगण्याशी संबंध नाही, तुम्ही आम्हाला वापरता. अनेक लेखिकांनी उत्तरं दिली, काहींनी आपलं लेखन बदललं. पुढच्या पिढीच्या बीएलमध्ये घरच्यांना सांगणं, कामाच्या जागी गप्प राहणं, म्हातारपण हे विषय आले ते त्या वादानंतर.

‘लव्ह स्टेज!!’ त्या गंभीर वाटेवरची नाही. र्योमा ‘मी पुरुषावर प्रेम करतो म्हणजे मी कोण’ यावर डोकं धरून बसतो खरा, पण मांगा त्याला फार वेळ तिथे बसू देत नाही. बाहेरच्या जगात गोष्टी हळू चालल्या आहेत. टोकियोच्या शिबुया आणि सेतागाया या विभागांनी २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांना भागीदारीचे दाखले द्यायला सुरुवात केली, टोकियो महानगराने २०२२ मध्ये. राष्ट्रीय पातळीवरचा विवाहाचा कायदा मात्र झालेला नाही. भारतात ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ला विवाहाचा हक्क मान्य करायला नकार दिला. लग्नाच्या जाहिरातीपासून सुरू होणारी ही गोष्ट टोकियोत वाचा किंवा पुण्यात, तिच्या नायकांना कायद्याने लग्न करता येत नाही. पहिल्या पानावरच्या त्या सजवलेल्या मंडपाकडे मी आता हे लक्षात ठेवून पाहतो.

कोणत्या वयाच्या वाचकांसाठी?

प्रौढांसाठी. इंग्रजी आवृत्तीवरही तशी स्पष्ट सूचना आहे. शृंगाराची दृश्यं मांगात उघड आहेत, ॲनिमेत सौम्य.

घरी सगळ्यांसमोर हे पुस्तक ठेवायला अवघड वाटतं. काय करू?

आपलं पुस्तक आपण कुणाला दाखवावं हे आपलं आपण ठरवायचं, त्यात खोटेपणा काही नाही. डिजिटल आवृत्ती घेतली तर प्रश्नच उरत नाही. आणि आई किंवा ताईने विचारलंच, तर ‘एका नटाची आणि एका चित्रकाराची प्रेमकथा आहे, हसवते’ हे उत्तर पूर्ण खरं आहे. पुढचं सांगायचं की नाही हे त्यांचा चेहरा पाहून ठरवा. इझुमीही आपली खोली कुलूपबंद ठेवतो, आणि त्याची खोली पाहणारा पहिला बाहेरचा माणूस निवडतो तेव्हा तो मोठा प्रसंग असतो.

इंग्रजीत कुणी काढली आहे? फुकट मिळते तिथे वाचली तर?

व्हिझ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या ‘सब्लाइम’ या बीएल शाखेने २०१५ पासून सातही खंड इंग्रजीत आणले. हौशी भाषांतरांचे चोरटे संच सापडतात, त्यात विनोद बऱ्याचदा पाण्यात गेलेला असतो, कारण इझुमीच्या पानांतली अक्षरंसुद्धा वाकडी लिहिलेली आहेत आणि ती वाकडी ठेवणं हे भाषांतरकाराचं खरं काम आहे. शिवाय बीएलचा छापील खप मर्यादित असतो. खंड विकला गेला नाही तर त्या लेखिकेचं पुढचं पुस्तक इंग्रजीत येत नाही, इतकं हे सरळ आहे.

पानं उलटी का आहेत?

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. चौकटीही, संवादांचे फुगेही. पहिल्या प्रकरणात अडखळायला होतं, दुसऱ्यात डोळे आपोआप वळतात. इझुमीने काढलेली मांगा जिथे जिथे गोष्टीच्या आत छापली आहे तिथे मात्र घाई करू नका, ती चौकट चौकट करून वाचा.

सात खंडांतला एकच घ्यायचा तर?

पहिलाच. दुसऱ्यापासून सुरू केलं तर र्योमा आगाऊ वाटेल आणि इझुमी रडका. पहिल्या खंडात जाहिरातीचं दुसरं चित्रीकरण आहे, आणि तिथे र्योमा त्या ‘मुलीला’ दहा वर्षांनी पाहतो तेव्हा चित्रकाराने त्याचा चेहरा कसा काढलाय ते पाहा. मग बाकीचे सहा खंड घ्यायचे की नाही, तिथेच ठरेल.